काठाला लाल दोरा

वाक्य साधं होतं. "ताई, आता सहा महिने आईला तू ने." मोजून सात शब्द. पंधरा दिवस मी ते भांडी घासताना म्हणत होते, दवाखान्यात फोन घेता घेता मनात म्हणत होते, एकदा तर लिफ्टमध्ये मोठ्यानं म्हणाले आणि शेजारचा माणूस दोन मजले आधीच उतरला.

ताईनं माझ्या पन्नाशीची भेट म्हणून विणकामाचं शिबिर ठरवलं, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. मी म्हटलं, चला, दोन दिवस ही बया माझ्या तावडीत आहे, सांगून टाकू. बाकी सहा वर्षं रात्री तीन-तीनदा उठणाऱ्या बाईला विश्रांती म्हणून हातमाग द्यायचा, हे फक्त आमच्या ताईलाच सुचू शकतं. मला नुसता एक पलंग आणि आतून कडी लागणारं दार दिलं असतं तरी मी तिचे पाय धरले असते.

आई माझ्याकडे असते. हे कोणी ठरवलं नव्हतं. माझं लग्न मोडलं, मी एकटी, माझी नोकरी जवळची, दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर. ताईचा संसार दूरच्या शहरात. त्यामुळे विचारायचा प्रश्नच आला नाही, आणि जे कोणी विचारलंच नाही त्याला नाही तरी कसं म्हणणार?

आई कापडगिरणीत तपासनीस होती. तीस वर्षं तिच्या टेबलावरून तागे सरकत गेले आणि ती बोटांनी ते वाचत गेली. डोळ्यांपेक्षा तिचा बोटांवर भरवसा. कुठे धागा सुटलाय, कुठे विणताना ठोका कमी पडलाय, सगळं तिच्या बोटांना कळायचं. दोष सापडला की ती त्या जागी कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायची, म्हणजे पुढच्या बाईला कळायचं की इथे थांबून बघायचंय. घरीही तेच. मी माझ्या फ्रॉकची दुमड वाकडी शिवली की सकाळी तिथे लाल दोरा. तोंडानं काही बोलायची नाही. ताईच्या फ्रॉकला तिनं कधी दोरा बांधल्याचं मला आठवत नाही. ताई म्हणते, तिच्याच फ्रॉकला जास्त असायचे.

आता आईला मी कोण ते आठवत नाही. कधी मी नर्स असते, कधी घरमालकीण, आणि वाईट दिवशी मी तिच्या पिशवीतला डबा चोरणारी कोणीतरी असते. पण फोनवर ताईचा आवाज आला की पाच मिनिटं ती अशी काही बोलते की ऐकणाऱ्याला मीच खोटारडी वाटावी. "हो गं, जेवले. तू कशी आहेस? मुलं बरी आहेत ना?" नीट ऐकलं तर त्यात नाव एकही नसतं. ताई नीट ऐकत नाही. "अगं चिमे, आई तर ठणठणीत आहे की!" असं म्हणून ती फोन ठेवते, आणि इकडे आई मला विचारते, "कोण बाई होती ती? फार चौकशा करते."

शुक्रवारी ताई गाडी घेऊन आली ती खालीच थांबली. "पार्किंगला जागा नाही गं, तूच ये पटकन. येताना आईला भेटते." दीड वर्षानं आलेली मुलगी, आणि तिला जागा मिळेना. शेजारच्या काकू निवृत्त नर्स. दोन दिवस त्यांनी घर सांभाळायचं कबूल केलं होतं. मी त्यांच्या हातात औषधांची यादी दिली आणि जिना उतरले. उतरताना दोन पायऱ्या चुकले. घाबरून नाही, झोपेनं.

गाडीत सांगायचं होतं. पण गाडीत ताई बोलत होती. ती बोलायला लागली की मध्ये शिरायला फट सापडत नाही. मी दोनदा "ताई" म्हटलं. पहिल्यांदा तिनं एसी कमी केला आणि दुसऱ्यांदा मला पाण्याची बाटली दिली. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत मला झोप लागली.

शिबिर एका जुन्या वसतिगृहात होतं. लांबलचक खोली, उंच खिडक्या, आठ माग, प्रत्येक मागाला दोन माणसं. शिकवणाऱ्या बाई बुटक्या, केस पांढरे, गळ्यात कात्री. त्यांनी सुरुवातीलाच नियम सांगितले. दोघांनी मिळून एकच शाल विणायची, तासातासानं आलटून पालटून. आणि चार बोटांपेक्षा जास्त विणून झालं असेल तर उसवायचं नाही.

"चूक दिसली तरी?" ताईनं लगेच विचारलं. ती शाळेत मुख्याध्यापिका होती, आता निवृत्त आहे, पण तसं वाटत नाही.

"दिसली तरी," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी उभे धागे ओवायचे होते. मागावर तारांच्या चार रांगा असतात, प्रत्येक तारेला मध्ये एक बारीक डोळा. पहिला धागा पहिल्या रांगेतल्या डोळ्यात, दुसरा दुसऱ्या, तिसरा तिसऱ्या, चौथा चौथ्या, परत पहिली. असे दोनशे चाळीस धागे. ताई मागून एकेक धागा देत होती आणि मी पुढून आकडी घालून ओढून घेत होते. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. अहो, याहून चांगलं अंगाईगीत कोणी लिहिलं नसेल. मध्ये कुठेतरी माझी मान पुढच्या दांडीवर टेकली.

"चिमे! झोपलीस?"

"नाही गं. मोजतेय."

"तीन झाला का?"

"झाला," मी म्हणाले. कसला झाला, मला काय माहीत.

शनिवारी सकाळी पहिला तास ताईचा. तिनं कंबर कसली आणि असा ठोका हाणायला लागली की खिडकीच्या काचा वाजल्या. प्रत्येक आडवा धागा टाकला की फणी पुढे ओढून तो बसवायचा असतो. ताई बसवत नव्हती, शिक्षा करत होती. चार बोटं विणून झालं, सहा झालं, आणि मग ती थांबली.

"हे काय?"

शालीच्या डाव्या अंगाला एक जाड उभी रेघ दिसत होती. सरळ, स्वच्छ, मागाच्या तोंडापासून आमच्या पोटापर्यंत. बाई आल्या, वाकून बघितलं, आणि म्हणाल्या, "तिसऱ्या रांगेत लागोपाठ दोन धागे गेलेत. ओवताना झालंय. शाल संपेपर्यंत ही रेघ येणार."

"दुरुस्त करता येईल?"

"उसवायचं नाही, पण विणलेलं कापून टाकून तिथपासून काठापर्यंतचे सगळे धागे परत ओवावे लागतील. सकाळ जाईल. तुम्ही ठरवा." आणि त्या पलीकडच्या मागाकडे गेल्या.

ताईनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखते. साठ पोरांच्या वर्गातून एक पोरगं वेचून काढणारी नजर.

"काढू या," ती म्हणाली.

"मी नाही काढणार."

"अगं, शेवटपर्यंत रेघ दिसेल."

"दिसू दे."

"तुझं नेहमीचंच आहे. लक्ष नसतं तुझं. जरा लक्ष दिलं असतंस तर..."

माझं डोकं सटकलं. "लक्ष? सहा वर्षं दुसरं काय करतेय मी? गॅस बंद आहे का, दार लावलंय का, गोळी गिळली का जिभेखाली ठेवली, सगळीकडे माझंच लक्ष! एका धाग्यावर नव्हतं. एका!"

खोलीतले सगळे माग थांबले. मला लाज वाटली, पण एवढ्यावर आलंच होतं तर ते सात शब्दही बाहेर काढावेत म्हणून मी तोंड उघडलं. ताई हळूच म्हणाली, "आईला काय झालंय एवढं? परवाच तर बोलले मी तिच्याशी. किती छान बोलली."

बस. उघडलेलं तोंड मी मिटलं.

जेवणाच्या सुट्टीत तिनं मला पटवून द्यायला मुद्दाम घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "हो गं, जेवले," आईचा आवाज आला, गोड, खणखणीत. "तू कशी आहेस? मुलं बरी आहेत ना?" ताईनं भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. मी बशीतल्या भातात चमचा फिरवत राहिले. भांडायला अंगात बळ लागतं, ते कुठून आणू?

दुपारचा तास माझा होता, आणि त्यानंतरचाही, कारण ताईची पाठ धरली. आडव्या धाग्याचा धोटा डावीकडून उजवीकडे, फणी पुढे, पायाखालची पट्टी बदल, धोटा उजवीकडून डावीकडे. पहिली काही मिनिटं मी नीट केलं. मग हात आपले आपण चालायला लागले. ठोका मारायचा म्हणून फणी नुसती टेकवायची, इतपतच. मला वाटतं मी उघड्या डोळ्यांनी झोपले होते. बाई मागून येऊन गेल्या, काही बोलल्या नाहीत, फक्त माझ्याजवळ पाण्याचा पेला ठेवून गेल्या. त्या एवढ्याशा पेल्यानं मला भडभडून आलं. मी न मागता कोणी मला पाणी दिल्याला किती वर्षं झाली, देव जाणे.

संध्याकाळी खोलीत दोघी आपापल्या पलंगावर बसलो. ताई गुडघ्याला मलम चोळत होती. आता, मी म्हटलं. आत्ता नाही तर कधीच नाही.

"ताई," मी म्हणाले.

"तुझं बरं आहे बाई," ती मध्येच म्हणाली. मान खालीच. "आई तुझ्याजवळ आहे. आमच्या घरात दिवसदिवस कोणी बोलत नाही. हे टीव्हीसमोर, मुलं परदेशात. शाळा होती तोवर निदान ओरडायला तरी कोणी होतं. मी आईला फोन करते ना, ती पाच मिनिटंच माझी खरी. मला वाटतं, निदान एका माणसाला तरी माझी चौकशी करावीशी वाटते."

आता सांगा, यावर काय बोलायचं? "ती चौकशी सगळ्यांचीच करते, ताई, गॅसवाल्याचीसुद्धा"? आलं होतं ओठावर. गिळलं. मला तिचा रागही आला आणि कीवही आली, आणि दोन्ही एकदम यायला लागलं की माणूस आणखी दमतो. मी म्हटलं, "मलम दे इकडे, मी लावते." आणि लावलं. हेच येतं मला.

रविवारी सकाळी ताईनं शेवटचा भाग विणला, आदल्या दिवशीसारखाच करकचून. बारा वाजता बाईंनी गळ्यातली कात्री दिली. एका बाजूनं ताईनं कापलं, दुसऱ्या बाजूनं मी. बाई म्हणाल्या, बरेच जण मधोमध कापून अर्धी अर्धी नेतात. ताई रेघेकडे बघत म्हणाली, "नको. आईला देऊ या."

परतीला निघालो. शिबिर संपलं, सात शब्द तसेच पोटात. ताईला अंधारापूर्वी तिच्या गावच्या रस्त्याला लागायचं होतं, म्हणून ती घाईत होती. घराखाली जागा मिळाली. "पाच मिनिटं आईला भेटते आणि निघते," ती म्हणाली. तिची बॅग मागच्या सीटवर तशीच राहिली.

काकूंनी दार उघडलं. त्यांच्या मनगटावर ओरखडा होता. "काल फोननंतर बिनसलं जरा," त्या म्हणाल्या. "आंघोळीला हात लावू देईनात. गिरणीचं गेट बंद होईल, मला उशीर होतोय, एवढंच सारखं." माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली आणि चपला घालून निघाल्या. त्यांनाही त्यांचं घर होतं.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. ताई हसत पुढे गेली. "आई!"

आईनं वर बघितलं, पदर नीट केला, आणि अदबीनं म्हणाली, "या, बसा. कोणाकडे आलात आपण?"

ताईचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. काढायचं कसं ते तिला कळेना. "आई, मी... अगं, काल नाही का आपण फोनवर..."

"साहेब जेवायला गेलेत," आई म्हणाली. "थांबावं लागेल."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. क्षणभरच. मग ताईचा चेहरा बघितला आणि ते बरं वाटणं संपलं. मी घाईघाईनं शाल पुढे केली. "बघ, हे कापड आलंय."

आईचे डोळे आमच्यावरून हटले आणि हात कापडावर गेले. खुर्चीत ती सरळ बसली. शाल मांडीवर घेऊन तिनं एक टोक धरलं आणि हातभर, हातभर पुढे सरकवायला लागली. डोळे खिडकीबाहेर, बोटं कापडात. दोन वर्षांत मी तिला अशी बघितली नव्हती. आम्ही दोघी तिच्यासमोर उभ्या, दुमड वाकडी शिवून आणलेल्या पोरींसारख्या.

तिचं बोट त्या उभ्या रेघेवर आलं.

"ओवताना चुकलंय," आई म्हणाली. "एका घरात दोन धागे. असू दे. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखं आहे, कोणाला कळणार नाही." आणि पुढे सरकली. "दोघींनी विणलंय. इथे बाई बदलली." तिनं काठावर नख टेकवलं. "पहिलीचा हात फार घट्ट. कोणावर तरी चिडलीये."

मग ती शनिवारच्या दुपारवर आली. बोटं थांबली. मागे गेली, परत पुढे आली. तिनं कापड उजेडासमोर धरलं, तर धाग्यांतून पलीकडची खिडकी दिसत होती.

"लाल दोरा आण," ती मला म्हणाली.

शिवणाच्या डब्यातून मी दोरा आणला. तिनं न बघता काठातून दोरा ओढला, दोन गाठी मारल्या, दातांनी तोडला. गाठी अगदी पूर्वीसारख्याच.

"ही बाई झोपेत विणतेय," आई म्हणाली. आवाज कडक, गिरणीतला. "कापडात दोष नाही, बाई दमलीये. किती पाळ्या झाल्या हिच्या?"

ताईनं माझ्याकडे बघितलं.

"विचारतेय मी! किती?"

"सहा वर्षं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"असं चालत नाही. बदली कोण आहे हिची?" तिनं ताईकडे बघितलं. "बदली बाई लावलीये की नाही? माणूस मेल्यावर लावणार का?"

गिरणीत एखादी बाई आली नाही की तिच्या जागी जी उभी राहते, ती बदली. आम्ही लहानपणापासून हा शब्द ऐकत आलो होतो. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"मी आहे," ताई म्हणाली. "मी बदली."

आईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नवीन दिसतेस."

"हो."

"आणि उशिरा आलीस."

"हो."

"हात सैल ठेव जरा. शिकशील." मग ती माझ्याकडे वळली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "तू जा गं. घरी जा, झोप. किती वेळ उभी आहेस."

माझं घर तेच होतं. तरी मी चप्पल घातली, ताईच्या हातातून गाडीची किल्ली घेतली आणि जिना उतरले. गाडीच्या पुढच्या सीटवर बसले, सीट मागे केली, आणि हुंदके देत देत तिथेच झोपले.

काचेवर टकटक झाली तेव्हा उन्हं कलली होती. ताई उभी होती. पदर खोचलेला, बाहीवर औषधाचा डाग, गालावर एक ओरखडा.

"दोनदा विचारलं तिनं, ती दमलेली बाई घरी पोचली का," ताई म्हणाली. "मी सांगितलं, पोचली."

तिनं मागचं दार उघडून स्वतःची बॅग काढली.

"दोनच दिवसांचे कपडे आहेत ना त्यात?" मी विचारलं.

"धुवून घालीन," ती म्हणाली, आणि बॅग उचलून जिना चढायला लागली.